सुपातले तेच गहू

गजरा गेल्याचा निरोप घेऊन कन्हेरीचा माणूस सायकलवरून लासुर्ण्याला आला, तेव्हा मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते. तो शाळेच्या दारातच थांबला, डोक्याचा पटका काढून हातात धरला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, तुमच्या सदूभाऊंची मंडळी गेली." सदाशिव माझा धाकटा भाऊ. त्याची मंडळी म्हणजे माझी भावजय गजरा. पण खरं सांगते, क्षणभर मला उमजेचना कोण गेलं ते. पंधरा दिवसांपूर्वीच मी तिला तापात पाहून आले होते, विषमज्वर आहे हे बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरीही 'मंडळी' म्हटल्यावर मला ती डोळ्यांपुढं दिसली नाही. मी त्या भल्या माणसावर उगाच खेकसले, "नाव न्हाय व्हय तिला?" तो बिचारा गांगरून गेला आणि वर्गातली पोरं चिडीचूप झाली... ह्या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. माणूस गेल्यावर दुःख होतं, ते मलाही झालं. पण मला त्याहून जास्त राग आला आहे आणि तो उतरायचं नाव घेत नाही. हा लेख मी त्या रागातच लिहिते आहे, वाचणाऱ्यांनी तेवढं समजून घ्यावं.

राग कशाचा, ते सांगते. दहाव्याला ओढ्याकाठी गाव जमलं होतं. पिंडाला कावळा शिवला आणि मग गावातले एक वयोवृद्ध गुरुजी चार शब्द बोलायला उभे राहिले. माणूस सज्जन आहे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते म्हणाले, "ह्या माउलीनं उभ्या आयुष्यात स्वतःसाठी कधी घटकाभर बसून पाहिलं नाही. मुलं, चूल आणि माती, ह्यापलीकडे तिनं जग म्हणून जाणलं नाही. असा त्याग..." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझी आई हमसून रडली. सदा मान खाली घालून बसला होता. आणि गजराची थोरली, नऊ वर्षांची मंगल, धाकट्या बापूचा हात धरून, तोंड किंचित उघडं टाकून एकेक शब्द ऐकत होती. मला ताडकन उठून सांगावंसं वाटत होतं की हे साफ खोटं आहे. गजरा बसायची. संधी सापडेल तेव्हा बसायची. पुस्तक घेऊन बसायची, गाणं ऐकत बसायची, चहाचा कप दोन्ही हातांत धरून नुसतीच बांधाकडं बघत बसायची, आणि तिला त्यात विलक्षण आनंद व्हायचा. पण दहाव्याला नणंदेनं तोंड उघडायचं नसतं म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचाही ह्या रागात वाटा आहे.

माझं स्वतःचं थोडक्यात सांगते. लग्नानंतर दोनच वर्षांत कपाळ पांढरं झालं आणि मी माहेरी कन्हेरीला परत आले. वडिलांनी लोकांचं न ऐकता मला शिकू दिलं, मास्तरीण केलं. आता इंदापूर तालुक्यात लासुर्ण्याच्या शाळेवर आहे. महिन्यातून एकदा शनिवारी शाळा सुटली की एसटीनं बारामती, तिथून चालत नाहीतर कुणाच्या गाडीतून घरी, हा माझा नेम. सदाचं लग्न झालं तेव्हा गजरा अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मराठी पाचवी झालेली. आमच्याकडं माळवं होतं, वांगी, मिरच्या, कोथिंबीर. बाजारच्या दिवशी सदा बारामतीहून किराणा आणायचा. लग्नानंतर महिनाही झाला नसेल, एका बाजारच्या संध्याकाळी आईचा आरडाओरडा ऐकून मी स्वयंपाकघरात गेले. पाहते तर हळद, जिरं आणि मोहरी एकाच ताटात ओतलेली, आणि नवी नवरी चुलीच्या उजेडात तीन चुरगळलेले कागद गुडघ्यावर सरळ करत बसलेली. कुठल्याशा मासिकाची पानं वाण्यानं पुड्यांना वापरली होती. "वन्सं," ती मला म्हणाली, "गोष्टीची सुरवात हळदीला हाय, मधलं जिऱ्याला हाय, आन शेवट मोहरीलाबी न्हाय वो." तिला आईच्या रागाचं काही नव्हतं, शेवट सापडला नाही ह्याचीच चुटपुट होती. दोन दिवस ती जिऱ्यातून मोहरी निवडत होती, आणि निवडताना गोष्टीचा शेवट काय असेल ते मला सांगत होती. रोज वेगळा शेवट... पुढच्या खेपेपासून मी बारामतीच्या वाचनालयातून तिच्यासाठी पुस्तक आणायला लागले.

मग मुलं झाली. मंगल, तिच्यामागं तीन वर्षांनी बापू, आणि बऱ्याच उशिरानं शकू. मुलं झाली की बाईचं वाचन-बिचन आपोआप सुटतं, असं लोक किती समाधानानं सांगतात! गजराचं वाढलं. मूल अंगावर पीत असताना ती भिंतीला टेकून पुस्तक उघडायची. "पोर अंगावर असलं की मला कुनी उठवत न्हाय, वन्सं. देवानं बाईला दिल्याली तेवढीच रजा," असं हसत म्हणायची. बापू तीन वर्षांचा होईपर्यंत दूध पीत होता. शेजारच्या बायका तिला चिडवायच्या, "अगं, आता त्याला मिसरूड फुटंल." ती हसून पान उलटायची. त्या काळात तिनं किती पुस्तकं वाचली ते बापूला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, कारण ती पुष्कळदा मोठ्यानं वाचायची आणि त्याला एक अक्षर कळत नसतानाही तो चूप ऐकायचा. तिचा लेक दुर्लक्षित राहिला असं कुणी म्हणू नये. तिच्या तिन्ही मुलांइतकी हसरी मुलं माझ्या वर्गातही नाहीत.

गाण्याचंही तसंच. ग्रामपंचायतीनं रेडिओ आणला आणि चावडीपुढच्या लिंबावर कर्णा बांधला. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम झाला की थोडा वेळ गाणी लागत. चावडीपुढं बायकांनी बसायचं नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, लिहायची गरजच नव्हती. पण चावडीच्या मागं जनावरांच्या पाण्याचा दगडी हौद होता आणि तिथं कर्णा स्वच्छ ऐकू यायचा. गजरा ठरल्या वेळी बापूला खांद्यावर टाकायची आणि आईला सांगायची, "लईच रडतंय, जरा फिरवून आणती." एकदा मी घरात होते. बापू तिच्या खांद्यावर गाढ झोपलेला, तोंडातून लाळ गळतेय, आणि ही सांगते रडतंय! मी हळूच तिच्या मागून गेले. हौदाच्या काठाला टेकून ती उभी होती, डोळे मिटलेले, आणि झोपलेल्या पोराच्या पाठीवर बोटांनी ताल धरत होती. मला पाहून दचकली, मग खुदकन हसली. आमच्या त्या झोपाळू पोराला गावभर रडका म्हणून नाव पडलं होतं... बाईनं गाऊ नये असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. जात्यावर गा, खुरपताना गा, पाळण्यापाशी गा. फक्त हात चालू पाहिजे. रिकाम्या हातानं गाणं ऐकत उभी राहिलेली बाई मात्र कुणाला बघवत नाही. ह्या गोष्टीची चीड मला तेव्हा यायला हवी होती. तेव्हा मीही हसले, मला ती गंमत वाटली.

आता कांद्याची हकीकत. ती गावाला पाठ आहे, पण गावाला पाठ आहे तेवढी ती पुरी नाही. आमच्याकडं कालव्याचं पाणी पाळीनं येतं. पाळी आली की दारं धरायची, म्हणजे एक सरी भरली की तिचं तोंड खोऱ्यानं मातीनं बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. दिवसा हे काम बरेचदा गजराकडं असे. वांग्याची एक सरी भरेपर्यंत तिची दोन पानं वाचून व्हायची. "एका सरीला दोन पानं," असा तिचा हिशेब, आणि तो इतकी वर्षं कधी चुकला नव्हता. मंगल बांधावर खेळत असायची, बापू झोळीत, आणि ही खोऱ्याच्या दांड्याला टेकून वाचत असायची. त्या दिवशी तिच्या हातात मी आणलेली एक जाड कादंबरी होती आणि त्यातली सासुरवाशीण विहिरीकडं निघाली होती. ती उडी घेते की नाही हे कळेपर्यंत गजराला मान वर करवेना. सरी भरली, बांध फुटला आणि पाणी शेजारच्या रानात शिरलं. शेजार म्हणजे भावकीतले दगडूतात्या. त्यांचा काढलेला कांदा पातीसकट रानात वाळत पडला होता. तो सगळा पाण्यात गेला.

नुकसान झालं, चूक तिची होती, आणि ती तिनं पदर पसरून कबूल केली. पण त्याआधी जे झालं ते मी विसरणार नाही. दगडूतात्या बांधावर उभे राहून ओरडले, "सदू, तुजी बायकू बुकं वाचती आन आमचा कांदा पव्हतोय! ह्ये कुठलं श्यानपण?" भावकी गोळा झाली. सदानं चार लोकांदेखत तिच्या हातातलं पुस्तक हिसकावलं आणि पाटात भिरकावून दिलं. आणि गजरानं काय करावं? तिनं पाटात उडी घेतली. कमरेइतक्या वाहत्या पाण्यात ते पुस्तक पकडलं, छातीशी धरलं आणि निथळत्या लुगड्यानं वर आली. गावानं वर्षभर चघळायला तेवढंच उचललं. पुढं आठ दिवस रोज तिनं दगडूतात्यांच्या रानात जाऊन कांदा उलथापालथा करून वाळवला आणि निम्मा वाचवला, ते कुणी सांगत नाही. सदा स्वतः दोनदा दारं धरताना झोपला होता, दोन्ही वेळा बांध फुटला होता, तेही कुणी सांगत नाही. माणूस दमतो, डोळा लागतो, असं तेव्हा सगळे म्हणाले होते. त्याची घोंगडी कुणी पाटात टाकली नाही.

त्या दिवसापासून घरात पुस्तक बंद झालं. सदानं तसं तोंडानं बजावलं आणि आईनं मान हलवली. मी पुढच्या शनिवारी गेले तेव्हा गजरा मुकाट्यानं भाकरी थापत होती. मी विचारलं, "त्या बाईनं उडी घेतली का गं मग?" तर म्हणाली, "पानं चिकटल्यात, वन्सं. वाळली की कळंल." एवढं बोलून तिचे डोळे भरले. ह्या ठिकाणी मी एक गोष्ट केली आणि तिचा मला त्या वेळी केवढा अभिमान वाटला होता! मी खुंटीवरचं सूप काढलं, त्यात दोन मुठी गहू टाकले आणि तिला शिकवलं. सूप मांडीवर घ्यायचं, उंच कड आपल्याकडं. पुस्तक त्या कडेला ठेवायचं, गहू पुढं. कुणाची चाहूल लागली की हातानं गहू ओढून पुस्तकावर पसरायचे आणि बोटं फिरवत राहायचं. गहू निवडणाऱ्या बाईला घरात कुणी हटकत नाही. गजरानं एकदा करून पाहिलं आणि पोट धरून हसली. मीही हसले. मी शिकलेली, पगार मिळवणारी, घरात जिचा शब्द खाली पडत नाही अशी थोरली नणंद. मी दारात उभी राहून भावाला आणि आईला बजावू शकले असते की ती वाचतेय, तिला वाचू द्या. ते मी केलं नाही. मी तिला लपायला शिकवलं आणि वर शाबासकी घेतली.

ते सूप, गव्हासकट फळीवर ठेवलेलं, पुढं चार वर्षं चाललं. गव्हातले खडे केव्हाच संपले होते. मग गव्हाला कीड लागली, दाणे पोकळ झाले, सुपात पीठ सांडायला लागलं, तरी तिनं गहू बदलले नाहीत. "वळखीचं झाल्यात," म्हणायची. बापू पाच वर्षांचा असताना एकदा पाहुण्यांसमोर म्हणाला, "आमच्या आईचं गहू लई हट्टी हाईत, कितीबी निवडा, निवडतच न्हाईत." आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून आत पळालो. त्या दिवसांत गावोगाव संयुक्त महाराष्ट्राच्या सभा चालल्या होत्या. सदा सभेहून यायचा तो छाती पुढं काढूनच, न्याय आणि हक्क ह्या विषयांवर ओसरीत तास तास बोलायचा. आत भिंतीपलीकडं त्याची बायको त्याची चाहूल लागताच पुस्तकावर गहू पसरत होती. तो आत डोकावून म्हणायचा, "च्या टाक जरा." ती सूप बाजूला ठेवून उठायची. त्याच चहातला अर्धा कप ती स्वतःसाठी मागं ठेवायची. सगळ्यांचं झालं की परसात, शेवग्याखालच्या दगडावर बसून, तो पुन्हा कढत करून एकटी प्यायची. तेवढा वेळ मुलांनासुद्धा तिच्याजवळ जायची परवानगी नव्हती. "आई च्या पितीया," असं मंगल धाकट्यांना दटावायची. आई देवपूजेला बसली आहे म्हणून सांगावं, त्या थाटात.

शेवटची भेटले ती तापात. ओठ सुकलेले, केस विस्कटलेले, पण डोळ्यांत तीच खोडी. आई पाणी आणायला उठली तेवढ्यात तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं मुलांचं काहीतरी सांगेल, सगळ्याच सांगतात. तिनं विचारलं, "सूप फळीवर हाय का?" मी हो म्हटलं. "त्याला कुनाला हात लावू देऊ नगा. म्या बरी झाली की मला लागंल." आणि मग डोळे मिटून म्हणाली, "वन्सं, त्या बाईनं उडी घेतलीच न्हाय बगा. पानी भरून घरला आली... मला लई बरं वाटलं तवा." चार वर्षांत ती फुगलेली कादंबरी तिनं पाच वेळा वाचली असेल, आणि दर वेळी तिला तेवढंच बरं वाटत असे. वाचनालयाला मी दुसरी प्रत घेऊन दिली होती, ही तिचीच झाली होती.

तेराव्याच्या स्वयंपाकासाठी शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. एकीनं सूप हवं म्हणून फळीकडं हात नेला. मी पुढं होणार, तोच माझी आई लगबगीनं मध्ये आली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्ये. गजरानं निवडून ठिवल्यालं गहू हाईत त्यात. दुसरं घ्या." बायका हळहळल्या. तापानं फणफणलेली असताना सुद्धा निवडत होती बिचारी, असं एकजण म्हणाली, दुसरीनं त्याला दुजोरा दिला, आणि बघता बघता गुरुजींच्या त्यागमूर्तीला आणखी एक फूल चढलं. मी मंगलकडं पाहिलं. तिनंही माझ्याकडं पाहिलं. सुपाची गोष्ट तिला माहीत होती, आईनं ती तिच्यापासून कधीच लपवली नव्हती. पण दहाव्याला गुरुजी एक सांगतात, तेराव्याला आजी तेच सांगते, मोठी माणसं खोटं कशाला बोलतील? त्या पोरीच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की ती स्वतःच्याच आठवणीवर संशय घ्यायला लागली आहे. तरी मी तेव्हाही बोलले नाही. पाहुण्यांचं घर होतं, म्हटलं नंतर बघू. हे 'नंतर बघू' माझ्या पाचवीलाच पुजलेलं आहे.

मागच्या रविवारी सकाळी मी कन्हेरीला होते. परसात बंब पेटवून आत आले तर मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी मंगल बसलेली. मांडीवर सूप. मान खाली. माझी पावलं वाजली, आणि तिनं वरसुद्धा न बघता गहू ओढले, पसरले आणि बोटं फिरवायला लागली. हुबेहूब.  गव्हाखालून फुगलेल्या कादंबरीची कड दिसत होती. शंभर वेळा मी गजराला असं बसलेलं पाहिलं होतं आणि शंभर वेळा हसले होते. ह्या खेपेला मला हसू आलं नाही. माझं डोकं फिरलं. मी पोरीच्या मांडीवरचं सूप ओढून घेतलं, पुस्तक उंबऱ्याशी घसरून पडलं, मी तशीच अंगणात गेले आणि ते किडके गहू कोंबड्यांपुढं उधळून दिले.

आई ओसरीवर शकूला न्हाऊ घालत होती, ती ओरडली, "अगं इंदे, याड लागलं का तुला? निवडल्यालं गहू..." "निवडल्यालं न्हाईत ते!" माझा आवाज चार घरं ऐकू गेला असेल. "ते गहू कधीच कुणी निवडल्यालं न्हाईत, आई. तुझी सून सुपात बुक ठिवून वाचत हुती. चार वर्सं. मीच शिकवलं तिला. आन आता ही पोर शिकली. हिची पोरबी शिकंल. किती पिढ्या गहू निवडायचं आपण?" सदा गोठ्यापाशी बैलाला चारा टाकत होता, तो जागीच उभा राहिला. आईनं शकूच्या अंगावर उरलेला तांब्या ओतला, तिला पंच्यात गुंडाळलं, आणि मग शांतपणे म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"मला काय डोळं न्हाईत व्हय? त्याच गव्हावर चार वर्सं हात फिरतोय, त्यातनं पीठ पडतंय... म्हनून तर त्या बायांना हात लावू दिला न्हाय. त्यांनी सूप खाली घेतलं असतं तर समदं कळलं असतं." शकूचे केस पुसत, माझ्याकडं न बघता ती बोलत राहिली. "म्या नवी हुती तवा जात्यावर गाणी म्हनायची. दळण सपायचं आन गाणं ऱ्हायल्यालं असायचं. मग त्येच पीठ पुन्यांदा जात्यात घालायची. पुन्यांदा, पुन्यांदा. माजी सासू समद्यास्नी सांगायची, सून किती बारीक दळती." मला आमच्या लहानपणीची भाकरी आठवली. कन्हेरीत आमच्या घरची भाकरी तलम म्हणून नावाजलेली होती. वडील पहिला घास मोडताना रोज कौतुक करायचे आणि आई चुलीकडं तोंड करून बसलेली असायची. ती तेव्हा हसत असणार, हे मला आज पन्नाशीजवळ आल्यावर कळलं. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असं आपण मुलांना शिकवतो. आमच्या घरात जात्यावरची आणि सुपाआडची, दोघी हसल्या, पण एकमेकींना न दाखवता.

कुणाला वाटेल की हे ऐकून माझा राग शांत झाला. मुळीच नाही, तो दुप्पट झाला. एका घरात, एका छपराखाली दोन बायका, दोघींना एकमेकींचं सगळं ठाऊक, आणि तरी एकीनं पुस्तक बंद करताना मान हलवायची आणि दुसरीनं तिच्यापासून लपायचं! मी आईला म्हटलं, "एवढं ठावं हुतं, तर दहाव्याला गुरुजी बोलत हुतं तवा गप का बसलीस?"

आईनं प्रथमच माझ्याकडं वर पाहिलं. "तू बोललीस व्हय?"

सदानं पटका डोक्याला गुंडाळला आणि रानाकडं चालू लागला. जाता जाता त्यानं उंबऱ्याशी पडलेल्या पुस्तकाकडं पाहिलं, ते मी पाहिलं. त्याला काय वाटलं असेल ते तो जाणे, मला आता त्याची कीव करायची नाही. मी हा लेख लिहिते आहे तो आधी मंगलसाठी, आणि मग गुरुजींसाठी, गावासाठी, त्या हळहळणाऱ्या बायकांसाठी. ती चांगली आई होती ह्यात शंका नाही. पण ती स्वतःसाठी बसत होती, वाचत होती, कढत चहा एकटीनं पीत होती, चावडीमागं गाणी ऐकत होती. ती सुखाची चोरी करत होती असं म्हणू नका. ते सुख तिचंच होतं, आपण तिला चोरासारखं वागायला लावलं. तिच्या मुलांना तरी खरी आई द्या.

त्या रविवारी मी रिकामं सूप पुन्हा खुंटीवर अडकवलं. मंगल तशीच उंबऱ्याशी उभी होती, पुस्तक पाठीमागं धरून. म्हणाली, "आत्या, मग आता मांडीवर काय घिऊ?"

"पुस्तक घे," मी म्हटलं. "नुसतं पुस्तक."

ती बसली. पाण्यानं फुगलेली ती जाड कादंबरी तिनं उघड्या मांडीवर उघडली. ओसरीवरून आईनं सवयीनं हाक मारली, "मंगे..." आणि पुढचं काम न सांगताच थांबली. मंगल वाचत होती. सूप नव्हतं, गहू नव्हते, तरी तिच्या उजव्या हाताची बोटं पानावरून गोल गोल फिरत होती. ते बघून मला पुन्हा संताप आला. मी उठले आणि दारात जाऊन उभी राहिले, जिथं मी चार वर्षांपूर्वी उभं राहायला हवं होतं.